नावेचा भार आणि नावेचा माग
काशीच्या घाटांवरील इंजिनाच्या नावांचा एक अभ्यास

पाण्यावरून जाणारी प्रत्येक नाव आपल्यामागे एक माग सोडून जाते. नाळेपासून दोन्ही बाजूंना फाकत जाणाऱ्या तिरप्या लाटा आणि पिछाडीमागून आडव्या पसरत येणाऱ्या लाटा मिळून हा माग बनतो. पाहणाऱ्याला तो शोभिवंत वाटतो. परंतु या लाटा उठविण्यासाठी लागलेली शक्ती इंजिनातून, म्हणजेच अखेरीस नावाड्याने विकत घेतलेल्या इंधनातून आलेली असते, आणि ती वाटेत नाहीशी न होता काठावर जाऊन आदळते. काठावर काय आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वाराणसी येथे काठावर माणसे आहेत. गंगा येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वाहता वाहता चंद्रकोरीसारखे वळण घेते. शहर या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, पश्चिम तीरावर वसलेले आहे. नदीच्या वळणात बाहेरच्या काठाशी पाणी खोल असते आणि आतल्या काठाशी वाळू साचते, या नियमानुसार घाटांच्या बाजूला पात्र खोल असून समोरच्या तीरावर वाळूचे विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे. साहजिकच नावांची ये-जा घाटांना लागून चालते. वाळूच्या उतारावर पोचलेली लाट फुटते आणि विरून जाते. दगडी पायऱ्यांवर व उभ्या भिंतींवर आदळलेली लाट मात्र बव्हंशी परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेशी तिची गाठ पडते. सकाळी आणि संध्याकाळी, आरतीच्या सुमारास, घाटांजवळचे पाणी उकळत्या पातेल्यासारखे सतत हेलकावत असते ते यामुळे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून स्नान करणाऱ्या वृद्ध यात्रेकरूच्या पायाखालची शेवाळलेली पायरी आणि वल्ह्याच्या लहान डोंगीची पाण्यापासून वीतभर उंच असलेली कड, या दोहोंना त्या हेलकाव्याचा उपद्रव होतो.

मराठी वाचकाला या दगडी काठाविषयी थोडी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. अहिल्याबाईंचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट, अशी कितीतरी बांधकामे मराठी घराण्यांची आहेत. यांपैकी शिंदे घाट इतका वजनदार बांधला गेला की तो स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे त्याची पुन्हा बांधणी करावी लागली. नदीकाठच्या गाळमातीवर उभ्या असलेल्या दगडकामाचा पाया किती नाजूक असतो, याची त्यावरून कल्पना यावी.

आता नावेकडे वळू. काशीच्या लाकडी नावेचा घाट, म्हणजे तिचा आकार, वल्ह्यांसाठी ठरला आहे. दोन्ही टोके निमुळती, पिछाडीकडचा तळ हळूहळू वर उचललेला, पोट रुंद. मल्लाह आणि निषाद समाजातील कारागीर अशा नावा पिढ्यान्पिढ्या बांधत आले आहेत. दोन वल्हेकरी अशी नाव ताशी चार-साडेचार किलोमीटर वेगाने नेतात, आणि त्या वेगाला हा आकार अत्यंत योग्य आहे. पुढे याच नावांत इंजिने बसली. पुष्कळ ठिकाणी ती शेतातल्या पाण्याच्या पंपाचीच, एका सिलिंडरची डिझेल इंजिने असतात. त्यांना लांब दांडा आणि टोकाला पंखा जोडला की नाव चालू लागते. आकार जुना राहिला, वेग मात्र दुप्पट-तिप्पट झाला. या विसंगतीचे परिणाम समजण्यासाठी लाटेचे साधे गणित पाहणे अवश्य आहे.

नाव ज्या वेगाने जाते त्याच वेगाने तिच्याबरोबर चालणारी लाट ती निर्माण करते, आणि पाण्याच्या लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी साडेचार किलोमीटर वेगाला ही लांबी एक मीटर भरते. ताशी ९ किलोमीटरला ती ४ मीटर होते, ताशी १२ किलोमीटरला ७ मीटरांहून थोडी अधिक. साडेसात मीटर लांबीची नाव घेतली, तर ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाला लाटेची लांबी नावेच्या लांबीइतकी होते. नाळेशी एक उंचवटा, पिछाडीशी दुसरा उंचवटा आणि मध्ये खळगा, अशा स्थितीत नाव जणू पाण्याच्या झोळीत अडकते. वेग आणखी वाढविला की दुसरा उंचवटा मागे सरकतो, पिछाडी खळग्यात बसते, नाळ वर उचलली जाते, आणि नाव स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. इंजिनाचा आवाज वाढतो, धूर वाढतो, लाटा उंचावतात. वेग मात्र फारसा वाढत नाही. वर उचललेल्या, निमुळत्या पिछाडीच्या नावेत हा दोष विशेष तीव्र असतो, कारण खाली बसणाऱ्या पिछाडीला पाण्याचा आधार देईल असा सपाट तळ तेथे नसतोच.

इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने १८७२ साली टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात लहान प्रतिकृती ओढून हे नियम पडताळून पाहिले. मागाचा कोन मात्र विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८८७ साली मांडला. योगायोग असा की त्याच वर्षी राजघाटावरचा रेल्वेपूल, आजचा मालवीय पूल, वाहतुकीस खुला झाला. खोल पाण्यात नाव लहान असो वा मोठी, तिच्या मागाची प्रत्येक बाजू तिच्या वाटेशी साडेएकोणीस अंशांचा कोन करते, असा केल्व्हिन यांचा निष्कर्ष आहे. याच उपपत्तीतून निघणारी आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मागाच्या कडेवरील लाटा अंतराबरोबर फार सावकाश खचतात. अंतर आठपट झाले तरी लाटेची उंची निम्मीच होते. घाटापासून दहा मीटरांवरून जाणाऱ्या नावेला ऐंशी मीटरांवरून जाण्यास सांगितले, तर पायरीवर आदळणारी लाट अर्धी होईल, नाहीशी होणार नाही. नावांनी नदीच्या मध्यातून जावे, ही सूचना चांगली आहे. परंतु तिच्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही. लाट जेथे जन्मते तेथेच तिला लहान केले पाहिजे.

हे कसे साधावे? वजन कमी करणे हा पहिला मार्ग. ऑस्ट्रेलियाचे गणिती जॉन हेन्री मिचेल यांनी १८९८ साली मांडलेल्या उपपत्तीचा स्थूल अर्थ असा की लांबी आणि वेग तेच राहिल्यास नावेची लाट तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या प्रमाणात उंच होते, आणि लाटेतील शक्ती त्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आर्किमिडीजच्या नियमाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन म्हणजे नावेचे एकूण वजन. तेव्हा वजन एक पंचमांश घटले, तर लाटेतील शक्ती एक तृतीयांशाहून अधिक घटते.

एक कल्पित, पण वास्तवाला धरून असलेली नाव हिशेबासाठी घेऊ. लांबी साडेसात मीटर, रुंदी १.८ मीटर. लाकडाचा सांगाडा व फळ्या मिळून ९०० किलो, जुन्या मंदगती घडणीचे इंजिन २५० किलो, छत, बाके व तळावरच्या फळ्या १५० किलो, तळाशी साचलेले पाणी १०० किलो, आणि वीस उतारू, सरासरी ६५ किलोंचे, म्हणजे १३०० किलो. एकूण २७०० किलो. अशी नाव पाण्याच्या पृष्ठावर सुमारे ९ चौरस मीटर जागा व्यापते, म्हणून ९० किलो भार वाढला की ती एक सेंटीमीटर खाली जाते.

तळाचे पाणी प्रथम काढावे. त्याला खर्च नाही, आणि लाभ दुहेरी आहे. हे पाणी स्थिर भार नव्हे. नाव एका बाजूला कलली की तेही त्याच बाजूला धावते आणि कल वाढविते. फटींत ताग किंवा कापूस ठासून वर डांबर देण्याचे काम हिवाळ्याच्या गर्दीआधी पुरे केले, तर पाणी मुळात शिरतेच कमी. भिजलेले लाकूड वाळण्यासाठी नाव काही आठवडे काठावर उलथी घालून ठेवण्याची जुनी चाल याच कारणासाठी चांगली आहे; तिला निव्वळ आळस समजणाऱ्या टीकाकारांनी ओल्या आणि सुक्या फळीचे वजन करून पाहावे.

इंजिनाचा विचार त्यानंतर येतो. दहा अश्वशक्तीचे, पिछाडीला बाहेरून अडकवायचे इंजिन ४०-५० किलोंचे असते. परंतु ते महाग, आणि त्याची दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातची नाही. हवेने थंड होणारे हलके डिझेल इंजिन सुमारे १०० किलोंत बसते, आणि त्यामुळे १५० किलोंची बचत होते. इंजिन कोठे बसवावे, हेही तितकेच महत्त्वाचे. ते पिछाडीकडे नेले की पिछाडी आधीच खाली बसते, आणि वेग घेताच ती आणखी बसते. इंजिन मध्याच्या किंचित मागे ठेवून नाव उभ्या स्थितीत समतोल राखली, तर तेच वजन निराळ्या तऱ्हेने वागते.

फळ्यांचा प्रश्न खर्चाचा आहे. एक इंच जाडीची सालाची फळी दर चौरस मीटरला एकवीस-बावीस किलो भरते. तेवढ्याच जाडीची सागाची फळी सोळा-सतरा किलो. सोळा चौरस मीटरांच्या कवचात ८० किलोंचा फरक पडतो. काचतंतूंचे पाच मिलिमीटर जाडीचे कवच दर चौरस मीटरला आठच किलो भरते. पण ते वापरायचे म्हणजे जुनी नाव बदलणे नव्हे, नवीन नाव बांधणे होय. जुन्या नावेवर बाहेरून काचतंतूंचा थर चढविण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. त्याने गळती थांबते, वजन मात्र वाढते, आणि आत कोंडलेली ओल लाकूड कुजविते.

छत व बाके हलकी केल्यास ६० किलो वाचतात. आकड्याने ही बचत सर्वांत लहान, परंतु आमच्या मते तिचे मोल सर्वांत मोठे आहे. कारण हा भार उंचावर असतो. नाव हलकी करताना केवळ तळचा भार काढला आणि वरचा तसाच ठेवला, तर नावेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती डचमळू लागते. वर मजला चढविलेल्या बजऱ्यांच्या बाबतीत हा धोका उघड आहे. म्हणून वरचा भार आधी उतरवावा आणि मगच खालच्या भाराला हात लावावा.

सर्व बेरीज केली तर १०० अधिक १५० अधिक ६० अधिक ८०, म्हणजे ३९० किलो वाचले. २७०० किलोंची नाव २३१० किलोंची झाली. लाटेची उंची सुमारे सातवा हिस्सा आणि तिच्यातील शक्ती पाव हिश्शाहून थोडी अधिक कमी झाली. हे फळ चांगलेच आहे. पण वाचकाच्या ध्यानात एव्हाना आले असेल की या नावेत सर्वांत जड वस्तू म्हणजे उतारू. सहा उतारू कमी घेतले तर तेवढेच, ३९० किलो, वजन एका पैशाच्या खर्चाविना कमी होते. अर्थात नावाड्याच्या दृष्टीने तो सर्वांत महागडा उपाय आहे. सहा उतारूंचे भाडे रोज, प्रत्येक खेपेला जाते. मोसम थोडक्या महिन्यांचा असतो, आणि श्रावण-भाद्रपदात पूर चढला की नावा बांधून ठेवाव्या लागतात. नाव हलकी करण्याचा खटाटोप नावाड्याने का करावा, याचे उत्तर येथे आहे: उतारू न घटविता लाट घटविण्याचा तेवढाच एक मार्ग त्याच्या हाती उरतो. इंधनाची बचत हा त्याचा प्रत्यक्ष लाभ.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात एक नवीन रकमेची भर पडली आहे. वाराणसीतील डिझेलच्या नावा संपीडित नैसर्गिक वायूवर चालविण्याचे काम २०२१ पासून गेल या सार्वजनिक कंपनीच्या साहाय्याने हाती घेण्यात आले, आणि खिडकिया घाटावर, ज्याला आता नमो घाट म्हणतात, तरंगते गॅसभरण केंद्र उभे राहिले. काळा धूर गेला, हा लाभ निर्विवाद आहे. वजनाचे मात्र तसे नाही. साठ लिटर पाणी मावेल एवढे पोलादी नळकांडे सुमारे ६० किलोंचे असते आणि त्यात दहा किलोंच्या आसपास वायू मावतो. तेवढ्या वायूतील ऊर्जा तेरा-चौदा लिटर डिझेलइतकी. आणि तेवढे डिझेल डब्यासकट पंधरा किलोंतही बसते. अशी दोन नळकांडी घेतली, तर नावेवर शंभराहून अधिक किलो चढले, म्हणजे वर मिळविलेल्या बचतीतला चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक परत गेला. नळकांडी तळाशी, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखी आडवी बसविली, तर हा भार निदान स्थैर्याच्या कामी येतो. वायू हवेहून हलका असल्याने गळती झाल्यास वर जातो, म्हणून त्याच्या वर बंदिस्त छत नसावे, ही दक्षता निराळी.

येथपर्यंतच्या विवेचनावरून हलकेपणा सर्वत्र सारखाच उपयोगी पडतो असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही, हे दाखविणारी दोन उदाहरणे परदेशांतील आहेत. स्कॉटलंडमध्ये १८३० च्या सुमारास कालव्यांतून घोडे नावा ओढीत. विल्यम हाउस्टन नावाच्या गृहस्थांचा घोडा एकदा बिथरून नाव घेऊन पळाला, आणि पाहतात तो वेग वाढल्यावर लाट ओसरली व ओढ हलकी झाली. जॉन स्कॉट रसेल याने हा प्रसंग नमूद करून त्याचे शास्त्र उलगडले. त्यानंतर ग्लासगो व पेझली यांच्यामधील कालव्यावर पातळ लोखंडी पत्र्याच्या, सुमारे सत्तर फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद अशा हलक्या नावा ताशी नऊ-दहा मैलांनी धावू लागल्या, आणि कालव्याचे काठ ढासळले नाहीत. मात्र ही युक्ती उथळ पाण्यातली आहे. पाण्याच्या खोलीवरून लाटेचा एक कमाल वेग ठरतो. सव्वा मीटर खोलीच्या कालव्यात तो ताशी तेरा किलोमीटरांच्या आत असतो आणि घोडा तो ओलांडू शकतो. दहा मीटर खोल पाण्यात तो ताशी छत्तीस किलोमीटर होतो.

दुसरे उदाहरण खेळातले आहे. राल्फ सॅम्युएलसन या अमेरिकन तरुणाने १९२२ साली मिनेसोटातील पेपिन सरोवरावर पायांना फळ्या बांधून नावेमागे घसरण्याचा, म्हणजे जलस्कीचा, खेळ सुरू केला. खेळाडूला नावेचा माग वारंवार ओलांडावा लागत असल्याने या खेळाच्या नावा शक्य तितक्या हलक्या, तळाने सपाट आणि मध्यभागी इंजिन असलेल्या बांधतात. लाट नुसती रेघेसारखी उरावी, हा हेतू. एका फळीवर उभे राहून लाटेवरून उड्या मारण्याचा पुढे निघालेला खेळ नेमका उलटा: त्याच्या नावांत टाक्या बसवून शेकडो किलो पाणी मुद्दाम भरतात, कारण तेथे लाट मोठी हवी असते. वजन आणि लाट यांचे नाते दोन्ही टोकांनी येथे सिद्ध होते. परंतु स्कीची नाव ताशी पन्नास किलोमीटरांवर पाण्यावर उचलली जाऊन घसरत असते. अडीच टन भार आणि दहा अश्वशक्ती घेऊन चालणाऱ्या काशीच्या नावेला ते कधीही शक्य नाही. तिने सपाट तळाची नक्कल करण्यात अर्थ नाही.

तिला उपयोगी पडेल असा एक बदल वरवर पाहता आमच्या सूत्राच्या विरुद्ध आहे. पिछाडी एक मीटरने लांबवून तळ तेथपर्यंत सरळ नेला, तर पन्नास-साठ किलो वाढतात. पण ज्या वेगाला नाव आपल्याच लाटेत अडकते तो वेग ताशी १२.३ किलोमीटरांवरून १३.१ वर जातो आणि तोच भार अधिक लांबीवर पसरतो. लांबीचे महत्त्व समजण्यासाठी गंगा विलास या प्रवासी जहाजाचे उदाहरण घेता येईल. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून पहिल्या सफरीस निघालेले हे जहाज बासष्ट मीटर लांब आहे. ताशी १२ किलोमीटरांची लाट त्याच्या लांबीच्या जेमतेम नवव्या हिश्शाची असते, म्हणून एवढे प्रचंड धूड त्या वेगाला आपल्या आकाराच्या मानाने थोडीच लाट उठविते. अरुंद जागी ते काठचे पाणी ओढून घेते, ही गोष्ट वेगळी.

उरला वेग. अस्सी ते राजघाट हे अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. साचलेल्या पाण्यात ते ताशी १२ किलोमीटरांनी अर्ध्या तासात आणि ताशी ९ किलोमीटरांनी चाळीस मिनिटांत तोडता येईल. ही दहा मिनिटे दिली, तर साडेसात मीटरांची नाव झोळीतून बाहेर येते आणि लाट जितकी घटते तितकी वर सांगितलेल्या सर्व सुधारणा मिळूनही घटत नाही. अडचण प्रवाहाची आहे. राजघाटाहून अस्सीकडे येताना नाव प्रवाहाविरुद्ध असते. प्रवाह ताशी दोन किलोमीटरांचा धरला, तर पाण्यावरचा ताशी ९ किलोमीटरांचा वेग काठावरून पाहणाऱ्याला सातच दिसतो, आणि खेप लांबली म्हणून नावाडी इंजिनाचा जोर वाढवितो. लाट मात्र पाण्यावरच्या वेगाने ठरते, काठावरून दिसणाऱ्या वेगाने नव्हे. म्हणून काठावरून नावेचा वेग पाहून घातलेली मर्यादा परतीच्या खेपेला फसवी ठरते. नाव रेंगाळत असल्यासारखी दिसते आणि लाटा पूर्ण उंचीच्या असतात.

एखाद्या नावेत केलेल्या बदलाचा उपयोग झाला की नाही, हे पाहण्यास यंत्रे लागत नाहीत. एका बांबूवर सेंटीमीटरच्या खुणा करून तो घाटापासून थोड्या अंतरावर, पायरीला लाट परत फिरते त्या जागेच्या पलीकडे, उभा रोवावा. पहाटे, इतर नावा निघण्यापूर्वी, बदल करण्याआधी आणि केल्यानंतर तीच नाव त्याच अंतरावरून, तितक्याच उतारूंनिशी, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध न्यावी, आणि पाणी बांबूवर किती वर चढले व किती खाली गेले ते लिहून ठेवावे. नावेच्या बाहेरच्या अंगाला, नाळेशी व पिछाडीशी, रिकाम्या आणि भरलेल्या नावेच्या पाण्याच्या रेषा रंगाने आखून घ्याव्यात. दोन्ही पाहण्या एकाच आठवड्यात उरकाव्यात, कारण नदीची पातळी बदलली की पाण्याखालच्या पायऱ्याही बदलतात आणि आकड्यांची तुलना करता येत नाही.